रशियाकाका आणि खाडीचं तोंड

पाऊस कोसळायला लागला की दासगावातली माणसं डोंगराकडे बघायची. रशियाकाका एकटा खाडीकडे बघायचा.

महाडला अजून गलबतं यायची तेव्हाची गोष्ट. काका म्हणजे बाबांचा चुलतभाऊ. बोटीवर खलाशी, पावसाळ्यात घरी यायचा. लाकूड भरायला त्यांची बोट एकदा रशियाच्या पार वरच्या टोकाला, येनिसेई नावाच्या नदीत गेली होती. त्या एका फेरीवर तो आयुष्यभर बोलला. ती नदी उत्तरेला वाहते. उगमाकडचा बर्फ आधी वितळतो, मुखाशी मात्र तसाच घट्ट. "वरनं पानी येतंय नि खाली तोंड बंद. मग पानी जाईल कुठं? गावात." चुलीतली राख अंगणात ओतून तो नदी काढून दाखवायचा. आई केरसुणी घेऊन उभीच. "भावोजी, तुमची नदी झाली असंल तर अंगण झाडू?"

आपल्या सावित्री नदीचंही तसंच, हे त्याचं ठाम मत. बर्फाच्या जागी उधाणाची भरती. अमावास्येला डोंगरात जोराचा पाऊस लागला, की भरती चढायच्या आत घर सोडायचं.

मी चौथीत होते त्या वर्षी एका अमावास्येला त्याने आम्हाला भाताची पोती, म्हैस, सगळं वरच्या माळावर न्यायला लावलं. पाऊस थांबला. पूर आलाच नाही. पोती तेवढी भिजली. गाव महिनाभर हसलं. काका खजील वगैरे झाला नाही. "वरनं पानीच आलं नाय, तर तुंबंल काय?"

पुढच्या वर्षी, तशाच अमावास्येला, तो पुन्हा दारात. बाबा म्हणाले, "जा तुझ्या रशियात." काका वाद घालत बसला नाही. गोठ्यात गेला, म्हैस सोडली आणि माळाकडे चालू लागला. दुभती म्हैस; घर तिच्यावर चालायचं. बाबा शिव्या देत मागे, बाबांच्या मागे आई, आईच्या मागे मी. माळावर बाबांनी त्याच्या हातातलं दावं हिसकावलं आणि परत फिरले. खाली आमचा गोठा दिसेना. नुसतं पाणी.

बाबा दावं धरून उभे राहिले. काका म्हणाला, "ने आता."

भात गेलं, गोठा गेला. आम्ही राहिलो. बाबांनी त्याचे आभार कधी मानले नाहीत, त्यानेही वाट बघितली नाही. दिवाळीनंतर तो बोटीवर गेला तो परत आला नाही. कुठल्या बंदरात मेला, तेही कळलं नाही.

त्यानंतर अमावास्येला पाऊस लागला की बाबा खाडी बघून यायचे आणि मुकाट्याने म्हैस सोडायचे. आई विचारायची, "कुठं चाललात?"

"रशियात," बाबा म्हणायचे. आम्ही पोती उचलायचो.