टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि काटोलचा रस्ता

सुशीलाला या खेपेला बाळंतपणासाठी मोटारीनंच आणायचं, हे मी दिवाळीत ठरवून टाकलं होतं. सुशीला माझी मामेबहीण. काटोलच्या पुढं नऊ मैलांवर एका खेड्यात दिलेली. गेल्या वर्षी आठव्या महिन्यात तिला बैलगाडीतून काटोल स्टेशनावर नेत असताना नाल्याच्या उतारावर गाडी आदळली आणि मूल पोटातच गेलं. मी बायकांची डॉक्टर, शहरातल्या महाल भागात माझा दवाखाना आहे. शेकडो बायका माझ्या हाताखाली सुखरूप बाळंत झाल्या आणि माझ्याच बहिणीचं मूल एका नाल्यानं घेतलं. हे मला अजून पचलेलं नाही.

माझी मोटार अमेरिकन बनावटीची, सहा सिलिंडरांची, विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून घेतलेली. वय झालंय तिचं, पण बैलगाडीपेक्षा शंभर पटींनी मऊ चालते. फक्त इंजिनाच्या डोक्यावर जे पत्र्याचं झाकण असतं, ज्याला गॅरेजवाले टॅपेट कव्हर म्हणतात, त्याच्या कडेनं तेल पाझरू लागलं होतं. झाकण आणि इंजिन यांच्यामध्ये बुचाची पट्टी असते, ते पॅकिंग. ते वाळलं की तेल बाहेर येतं आणि खालच्या तापलेल्या नळावर पडून धूर होतो.

निघण्याच्या आठ दिवस आधी मी गाडी सीताबर्डीवरच्या एका गॅरेजात नेली. गॅरेजचं नाव लिहीत नाही. मालकानं बोनेट उघडलं, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाला, "बाई, इंजिन गेलं. बाईमाणसाच्या हाती मोटार आली का असंच होते. इकून टाका, गिऱ्हाईक मी आनतो."

"मला विकायची नाही. पॅकिंग बदला."

त्यानं दोन दिवस गाडी ठेवून घेतली. परत घ्यायला गेले तेव्हा म्हणाला, नवं पॅकिंग घातलंय. मी जुनं दाखवा म्हटलं. "फेकलं. अन् ते पाहून तुमाले काय समजनार?" त्याच वेळी एका साहेबाची गाडी आत आली आणि तो मला तसंच सोडून तिकडं धावला. मी पैसे दिले आणि निघाले. तिथंच उभं राहून झाकण उघडायला लावायचं होतं. ते केलं नाही, याचा राग मला स्वतःवरही आहे.

पौषातल्या एका शनिवारी सकाळी सातला निघाले. या वाटेनं जाणाऱ्यांसाठी सांगते: पेट्रोल सीताबर्डीवरच भरून घ्या आणि इंजिनाच्या तेलाचा एक डबा जवळ ठेवा. कळमेश्वरपर्यंत रस्ता खडीचा, बऱ्यापैकी. पुढं जागोजागी चाकोऱ्या पडल्यात, पण दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेली शेतं आणि काटोल जवळ आलं की संत्र्यांचे बगीचे. संत्र्यांचा तोडा, म्हणजे काढणी, चालू होता. एका बगीच्याशी थांबले तर राखणदारानं पदरात टोपलीभर संत्री ओतली आणि "घरच्याइले न्या" म्हणाला. तिथंच बोनेट उघडून पाहिलं. नळावर तेलाचा ताजा ओघळ होता. 'नव्या' पॅकिंगमधून. बरोबरच्या डब्यातलं थोडं तेल ओतलं आणि पुढं गेले. सुशीला दारात बसून वाट पाहत असणार होती, परत फिरणं मला शक्यच नव्हतं.

मुक्काम तिच्याकडेच. जेवायला पाटवडीचा रस्सा आणि भाकर. जावईबापूंना तोड्यामुळं येता येत नव्हतं, म्हणून सुशीलाच्या सासूबाई बरोबर निघाल्या. त्यांना मोटारीचा भरवसा नव्हता. "बाईनं चालवाची अन् बाईनंच बसाचं," त्या म्हणाल्या, "मंग देवच सांभाळन."

रविवारी सकाळी निघालो. मागच्या सीटवर गादी घालून सुशीलाला कुशीवर निजवलं. नाल्याच्या त्या उतारावर मी गाडी माणसाच्या पावलानं उतरवली. सुशीलानं डोळे मिटून सासूबाईंचा हात धरला होता. पार झालो तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ताई, झालं का?" मी झालं म्हटलं.

कळमेश्वर दोन मैलांवर राहिलं असताना पायाशी धूर आला. आधी थोडा, मग डोळे चुरचुरतील इतका. सुशीला खोकू लागली. मी गाडी थांबवली, दोघींना उतरवून रस्त्याकडेच्या लिंबाखाली बसवलं आणि बोनेट उघडलं. एका बाजूनं तेलाची धार लागली होती आणि तापलेल्या नळावर चरचरत होती. तेल मोजायची कांडी काढून पाहिली तर तेल जवळजवळ संपलेलं. डब्यातलं उरलेलं सगळं ओतलं. आठवा महिना भरत आलेली बाई गाडीत आणि तिच्या पुढ्यात आगीला निमंत्रण. भीतीपेक्षा मला संताप जास्त आला होता.

"काहून थांबली वं?" सासूबाईंनी विचारलं.

"गॅरेजवाला खोटं बोलला," मी म्हटलं.

कळमेश्वरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिन सांभाळणारे गुलाब मिस्त्री त्याच वाटेनं सायकलवरून चालले होते. पन्नाशीचा, किडकिडीत माणूस. धूर पाहून उतरले. वाकून पाहिलं आणि म्हणाले, "हळूहळू माझ्या घरापर्यंत आना. जोरानं नका चालवू. दोन मैल जाते गाडी."

त्यांच्या अंगणात गाडी लावली. घरातल्या बाईंनी सुशीलाला आत नेऊन खाटेवर निजवलं, पाणी दिलं. मी तिची नाडी पाहिली, पोटावर हात ठेवला. मूल हलत होतं. मग बाहेर आले.

मिस्त्रींनी इंजिन निवू दिलं. झाकणाचे नट सोडताना त्यांना पान्यावर सगळा जोर लावावा लागला. झाकण उचललं आणि उलटं करून माझ्यापुढं धरलं. "बाई, हे पॅकिंग नवं म्हून कोन म्हनलं तुमाले?"

मी पाहिलं. पट्टी जुनीच होती, दगडासारखी कडक, तीन ठिकाणी तुटलेली. भेगांवरून डांबरासारखा काळा लेप फासला होता. गळू नये म्हणून नट इतके आवळले होते की झाकणाची कडच वाकली होती. जे थोडं पाझरत होतं, त्याची गॅरेजवाल्यानं धार करून ठेवली होती.

"इंजिन गेलंय का हो?" मी विचारलं.

"कोनं सांगतलं? इंजिन मस्त आहे. हे पाहा." त्यांनी मला जवळ बोलावलं आणि एकेक भाग दाखवला. आम्ही मेडिकलला शरीर उघडून शिकलो, तसं. पहिल्यांदाच कुणीतरी मला माझी गाडी समजावून सांगत होतं.

जिनिंगच्या इंजिनासाठी आणलेल्या बुचाच्या तक्त्याचा तुकडा त्यांच्याकडं होता. तो पाण्यात भिजत घातला. तोवर लोखंडी पाटावर झाकण ठेवून लाकडी हातोडीनं कड सरळ केली. जुना लेप खरवडायचं काम मी मागून घेतलं. "इंजिनात कचरा नका पडू देऊ," ते म्हणाले, "अन् दोन्ही कडा पेट्रोलच्या फडक्यानं पुसा. तेलावर पॅकिंग बसत नाही." मग झाकणाच्या मापानं बूच कापलं, स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख लावून झाकणाला चिकटवलं आणि वाळू दिलं. नट आवळताना पाना माझ्या हातात दिला. "थोडा हा, थोडा तो. सारखा दाब पाहिजे. जोर लावला का बूच मरते."

गावातून तेल आणून भरलं. इंजिन चालू करून अर्धा तास तसंच ठेवलं. मिस्त्रींनी कडेवरून कोरडं बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोट कोरडं होतं. त्यांनी बुचाचे आणि मजुरीचे पैसे सांगितले, रास्त होते, मी दिले. जुनी पट्टी मी कागदात गुंडाळून घेतली.

दिवस मावळायच्या आत महालात पोचलो. सासूबाई उतरताना म्हणाल्या, "पोरी, गाडी तू बरी चालवते."

सोमवारी सकाळी गॅरेजात गेले. मालक खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होता. ती पट्टी मी त्याच्या टेबलावर ठेवली. "हे तुमचं नवं पॅकिंग."

"आमचं नाही हे."

"काळा लेप तुमचाच आहे. त्या गाडीत आठ महिन्यांची गरोदर बाई होती. तिचं पहिलं मूल रस्त्यावर गेलंय. तुम्हाला पट्टी कापता येत नव्हती तर तसं सांगायचं होतं, मी दुसरीकडं गेले असते."

त्यानं पान उलटलं. "पैसे पाहिजेत का परत?"

"नाही. चुकलं म्हणा."

तो वर्तमानपत्र वाचत राहिला. आत चार गिऱ्हाइकं होती. त्यांतले एक वकील माझ्यामागून बाहेर आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, माझ्याही गाडीचं तेल गळून राहिलं. मले म्हणते, इंजिन गेलं, इकून टाका." मी तिथंच, भर सीताबर्डीवर, त्यांचं बोनेट उघडायला लावलं आणि ओघळ कुठून सुरू होतो ते दाखवलं. माणसं जमली. आतून मालक ओरडला की दुकानासमोर तमाशा चालणार नाही. मी म्हटलं, रस्ता दुकानात मोडत नाही. वकीलसाहेबांना कळमेश्वरचा पत्ता दिला.

सुशीलाला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. सासूबाई नवस फेडायला निघाल्यात, फेडू देत.

काटोलचा रस्ता छान आहे, तोड्याच्या दिवसांत तर जरूर जा. पण निघण्याआधी झाकण स्वतःसमोर उघडायला लावा, आणि जुना भाग हातात मिळेपर्यंत जागचं हलू नका. कुणी म्हणेल, पट्टीभर बुचासाठी एवढा राग कशाला. मी त्या माणसाला गाडीत कोण होतं ते सांगितलं होतं. त्यानं वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. माझा राग त्यासाठी आहे, आणि तो मी सोडणार नाही.