उलटलेला मजकूर

एप्रिलमधल्या नागपूरला स्वतःचा एक वास असतो, तापलेल्या डांबराचा, गळून पडलेल्या कडुलिंबाच्या मोहराचा आणि कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा. त्या दुपारी दवाखान्याच्या लहानशा खोलीत तोच वाळा दरवळत होता, बाहेर ऊन नुसतं आग ओकत होतं, आणि आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलेला मी तिथे गारठून बसलो होतो. एका बाजूला मुलगी मृणाल, दुसऱ्या बाजूला पत्नी कुमुद. टेबलापलीकडच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी दोघींच्या रक्ताचे अहवाल पुढे सरकवले. दोष मृणालच्या अहवालात होता, कुमुदच्या अहवालात नव्हता.

मी म्हटलं, अहवालांची अदलाबदल झाली असेल, पुन्हा तपासा.

मृणालचा मुलगा ईशान पाच वर्षांचा आहे. तो रांगायला लागला तेव्हा त्याच्या गुडघ्यांवर जांभळी टेंगळं उठायची. मग एकदा खेळण्याची कड हिरडीला लागली आणि रक्त थांबेचना. निदान झालं, हिमोफिलिया. रक्त गोठवणारा एक घटक त्याच्या शरीरात तयारच होत नाही. घर रडत होतं आणि मी, सांगताना आज लाज वाटते, फळ्यासमोर उभा राहिल्यासारखा ताठ झालो होतो. हा विषय मी तीस वर्षं शिकवला होता. दोष आईकडून मुलाकडे येतो. आणि आईचा बाप निरोगी असेल तर तो मोकळा, मग दोष तिच्या आईकडूनच आलेला असणार. मी निरोगी होतो. उरली कुमुद.

पुरावाही माझ्याजवळ तयार होता. कुमुदचा धाकटा भाऊ वसंता अकरा वर्षांचा असताना भिवापूरला, तिच्या माहेरी, वारला, अंगणात मिरच्या वाळत घातलेल्या दिवसांत, नाकातून रक्त येऊन. मी पट्टीने रेघा आखून वंशावळ काढली, वसंताचा चौकोन रोगी पुरुषाची खूण म्हणून काळा केला आणि तो कागद मृणालच्या सासरच्या मंडळींना स्वतः नेऊन दाखवला. आमच्या घराण्यात असलं काही नाही, हे मी छातीठोकपणे सांगितलं. कुमुद तेव्हा एवढंच म्हणाली होती, "त्याले ताप होता हो आधी. तीन दिवस नुसता फणफणून राहिला होता." मी तिला गप्प केलं. ताप माझ्या आकृतीत बसत नव्हता.

त्यानंतर ती खरोखरच गप्प झाली. ईशानला उचलून घेणं तिने सोडलं. तो मांडीवर चढला तरी हात बाजूला धरून बसायची. भिवापूरला जायचं तिने बंद केलं. एकदा तिने माझ्यादेखत मृणालपुढे हात जोडले आणि म्हणाली, "पोरी, माह्याच रक्तानं केलं वं हे." मृणाल रडली. मी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

आता मृणालला दुसरं मूल हवं आहे, म्हणून या तपासण्या. डॉक्टरीणबाईंनी अहवाल पुन्हा वाचला आणि गळ्यातली ओढणी काढून टेबलावर पसरली. तिच्या दोन्ही टोकांना एकच वेलबुट्टी होती, पण एका टोकाची वेल उजवीकडे धावणारी, दुसऱ्याची डावीकडे. आपल्या एक्स गुणसूत्रावर, त्या म्हणाल्या, असाच एक मजकूर दूरदूर पुन्हा लिहिलेला आहे, दुसऱ्या जागी उलट्या दिशेने. हा प्रत्येकाच्याच अंगात असतो, तो काही रोग नव्हे. बाईच्या पेशीत एक्सची जोडी असते, म्हणून बीज तयार होताना एक एक्स दुसऱ्याला बिलगतो. पुरुषाचा एक्स एकटा. त्याला जोडीदार सापडत नाही, मग क्वचित तो स्वतःवरच दुमडतो. त्यांनी ओढणी दुमडली, आणि दोन्ही वेली पानाला पान लागून एकमेकींवर बसल्या. नेमक्या तिथे धागे तुटतात आणि अदलाबदलीने जोडले जातात, मधला पट्टा उलटा बसतो. एक अक्षरही हरवत नाही. फक्त त्या पट्ट्यात रक्त गोठवणाऱ्या घटकाच्या जनुकाचा तुकडा असतो, ते जनुक मोडून दोन जागी पडतं.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे आजोबा, हे बहुतेक तुमच्याच एका बीजपेशीत घडलं. मृणालताईंच्या जन्माआधी. तुमच्या रक्तात ते दिसणार नाही. अगदी शंभर टक्के सांगता येत नाही, पण आजींच्या रक्तात हा दोष नाहीच."

पायाखालची जमीन सरकते म्हणजे काय, हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं. पुढे त्या बरंच बोलल्या. वाय गुणसूत्रावरही असाच उलटसुलट मजकूर असतो आणि त्याच्याच आधाराने ते एकटं गुणसूत्र आपल्या चुका दुरुस्त करतं, असंही काहीसं. जी रचना एका ठिकाणी सावरते तीच दुसऱ्या ठिकाणी मोडते. एरवी मी वही काढून टिपून घेतलं असतं. पण माझ्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट होती: माझ्या तरुण, निरोगी देहात, मला न कळता, एक पट्टा उलटला होता, आणि त्याचा जाब मी चार वर्षं कुमुदला विचारत होतो. मला स्वतःची किळस आली.

कुमुदने डॉक्टरीणबाईंना एकच प्रश्न विचारला. "मंग माह्या भावाले हे नव्हतं ना?"

"तो कशाने गेला, ते आता सांगता येणार नाही. पण ईशानचा आजार तुमच्या माहेरचा नाही."

तिने पदराने तोंड पुसलं.

घरी आल्यावर ईशान धावत आला. कुमुद खाली वाकली आणि तिने त्याला उचललं, दोन्ही हातांनी, घट्ट. मी दारातच उभा राहिलो. वाटत होतं, हिने आता मला बोल लावावेत, चार माणसांत सांगावं, निदान एकदा माझ्याकडे रागाने पाहावं. मी वाक्यं जुळवत होतो. एकही पुरं होत नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं, पोराला कडेवर सारखं केलं आणि म्हणाली,

"असे काहून उभे राहिले? बसा. तुम्ही काय मुद्दाम केलं का?"

एवढं एक वाक्य मीही तिला म्हणू शकलो असतो. चार वर्षांत कुठल्याही दिवशी.