न बोलायची अक्षरं

गल्लीच्या तोंडाशी असलेल्या छापखान्यात दोनच माणसं: दादा आणि त्याची धाकटी बहीण. दादाच्या मुलीमुळे ती सगळ्या गल्लीची आत्या झाली होती. दादा यंत्र चालवायचा, आत्या खिळे जुळवायची. शिशाचं एकेक अक्षर ‘केस’मधून, म्हणजे खणाखणांच्या लाकडी पेटीतून, उचलायचं, ओळीत बसवायचं. हात असा चालायचा की लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई धान्य निवडत बसली आहे.

पण आत्याचा जीव सगळ्या अक्षरांवर सारखा नव्हता. कोपऱ्यातल्या दोन केसमध्ये वडिलांनी हौसेने आणलेले तिरके खिळे होते. बोरूने एका दमात लिहावीत तशी ती अक्षरं; किंचित पुढे झुकलेली, रेघ कुठे जाड, वळणावर बारीक आणि टोकांना इवलेइवले पाय. सरळ अक्षरं नुसती रांगेत उभी राहतात, ही चालायला लागतात, असं ती म्हणायची.

प्रेम आंधळं असतं, आणि हाताशी छापखाना असला की ते चारचौघांना वाचावंही लागतं. आत्याने वाण्याच्या पावत्या तिरक्यात छापल्या, दवाखान्याच्या वेळा तिरक्यात छापल्या. रंगाऱ्याला बागेतल्या बाकांसाठी ‘रंग ओला आहे, हात लावू नका’ अशा पाट्या हव्या होत्या. त्याही तिरक्यात. अक्षर इतकं देखणं, की फिरायला आलेली माणसं कौतुकाने जवळ गेली आणि वाचता वाचता बाकावर हात टेकून उभी राहिली. रंगारी हिरव्या हातांची ती वरात घेऊनच छापखान्यात आला.

दादाने त्याची समजूत घालून त्याला वाटेला लावलं. तो गेल्यावर मात्र त्याने सांगून टाकलं, की गल्लीचं नाटक एकदा पार पडू दे, दुसऱ्या दिवशी ओतशाळेची गाडी बोलावतो. हे तिरके वितळवून सरळ खिळे करून आणू. आत्याने वाद घातला, रुसून पाहिलं, अबोला धरून पाहिला. दादा बधला नाही. आणि चूक आपलीच आहे हे तिलाही कळत होतं. तेच जास्त लागत होतं.

आता या नाटकाचं सांगायला हवं. ते गल्लीतली हौशी मंडळी करत, आणि घरातल्या कर्त्या भावाचं काम नेहमी दादाकडे. त्याचं पाठांतर जबरदस्त. कागदावर आहे ते सगळं तोंडपाठ. घात त्या पाठांतरानेच केला. छापखान्यातले कंसाचे खिळे झिजून बोथट झाले होते, म्हणून मागच्या वर्षी नाटकाच्या प्रती छापताना दादाने नटांसाठीच्या सूचनांभोवतीचे कंस सरळ गाळून टाकले. मग भर प्रयोगात तो पुढे आला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "घसा खाकरतो. या घरात माझा शब्द चालतो. रागाने खुर्चीवर बसतो." लोक हसून हसून बेजार. तेव्हापासून त्याचं नावच ‘घसाखाकरतो’ पडलं.

यंदाच्या प्रती जुळवायला आत्या बसली तेव्हा कंस होते तसेच होते. सवयीने तिचा हात तिरक्या केसकडे गेला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने तो आवरला. अख्खं नाटक तिरक्यात केलं तर पुन्हा बागेतल्या बाकाचीच गत. मग तिने बोलायची वाक्यं सरळ अक्षरांत घेतली आणि करायच्या गोष्टी तेवढ्या तिरक्यात.

पहिली प्रत दादाच्या हातात देत ती म्हणाली, "सरळ आहे ते बोलायचं. तिरकं आहे ते करायचं, बोलायचं नाही."

दादाने प्रत चाळली आणि "हं" म्हणाला. आता त्या ‘हं’वर कोण काय भरवसा ठेवणार?

प्रयोगाला आत्या आणि वहिनी पहिल्या रांगेत बसल्या. दादा पुढे आला आणि त्याने घसा खाकरला. नुसता खाकरला. मागून कुणीतरी टाळी वाजवली. शेवटच्या प्रवेशात रुसलेली बहीण घरी परत येते. तिथे आत्याने एक तिरकी ओळ जुळवली होती: बहिणीच्या डोक्यावर हात ठेवतो. दादाने तोंड उघडलं. मग मिटलं, हात ठेवला, आणि बराच वेळ काढलाच नाही. वहिनीने मोठ्याने नाक ओढलं.

दुसऱ्या दिवशी आत्या लवकर छापखान्यात आली. कोपरा रिकामा होता. मग तिला दिसलं, की तिरक्या केस तिच्याच टेबलापाशी, हात पुरेल अशा ठेवल्या आहेत. दादा पाठमोरा होऊन यंत्राला तेल देत होता.

"ओतशाळेची गाडी?" तिने विचारलं.

"येऊन गेली. कंस देऊन टाकले."

मग कागद आणायच्या निमित्ताने तो तिच्या मागून गेला. जाता जाता त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि एक अक्षर बोलला नाही.

आत्याने मान खाली घालून दवाखान्याच्या वेळा पुन्हा जुळवायला घेतल्या. या खेपेला सरळ अक्षरांत. डोळे भरून आल्यामुळे दोन खिळे उलटे बसले, ते तिने मागाहून नीट केले.