लातूरला येणाऱ्या आया आणि जाणारी मी

लातूरला मोठं शहर म्हटलं की पुण्याकडची माणसं हसतात. धर्माबादहून किंवा उमरीहून बघितलं तर ते मोठंच आहे. मी मूळची नांदेडची. लग्न करून लातूरला आले आणि एका ज्युनिअर कॉलेजच्या कार्यालयात, प्रवेशाच्या खिडकीमागे बसून हे शहर वाढताना पाहिलं. दर जूनमध्ये खिडकीपुढे तीच रांग. दहावीला चांगले मार्क पडलेलं लेकरू पुढे, आई मागे, वडील तिच्याही मागे. प्रवेश झाला की आईचा प्रश्न ठरलेला असायचा, "मॅडम, इकडं रूम कुठं भेटंल?" मग ती आई बारावी होईपर्यंत त्या रूमवर राहायची, लेकराला रांधून घालायची आणि वडील गावाकडचं दुकान नाहीतर शेत बघायचे. त्यांना आम्ही रूमवरच्या आया म्हणायचो. कुठल्या गल्लीत पाणी बरं येतं, कुठला घरमालक किरकिऱ्या आहे, कुठल्या खोलीवर स्लॅब आहे आणि कुठे पत्रे, हे मी त्यांना पटापट सांगायची आणि पुढच्या माणसाला बोलवायची.

स्लॅब की पत्रे हा प्रश्न लातूरबाहेरच्या माणसाला विचित्र वाटतो. भूकंप झाला तेव्हा माझी मुलगी तान्ही होती. किल्लारीकडे जे झालं त्यापुढे आमचं काहीच झालं नाही. दोन भिंतींना तडे गेले, ते बुजवले. पण त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही अंगणात ताडपत्रीखाली झोपलो. पुढे अंगणातच पत्र्याची एक खोली बांधली आणि मुलगी त्या खोलीतच वाढली. स्वयंपाकघरात फळीवर पितळी तांब्या आणि त्याच्या काठावर तिरपा तोललेला पेला असायचा. जमीन हलली की पेला पडून वाजावा, यासाठी. पेला वाजला की काय करायचं तेही ठरलेलं होतं : गॅस, मेन स्विच, दार, अंगण. याच क्रमाने. मुलगी पाढे शिकली त्याच्या आधी हे शिकली.

नवरा फिजिक्स शिकवायचा. सुरुवातीला आमच्या बाहेरच्या खोलीत, सतरंजीवर बसलेल्या मूठभर मुलांना. पुढे क्लासच्या इमारतीत, माइक लावून, शेकड्यांनी. पहाटेची बॅच, दुपारची बॅच, संध्याकाळची बॅच. चाळिशी उलटली आणि त्याचा घसा गेला. डॉक्टरांनी बोलणं कमी करा म्हणून सांगितलं. शिक्षकाला हे सांगणं सोपं असतं. त्याच सुमाराला त्याच्या एका जुन्या विद्यार्थ्याने मस्कतहून कळवलं, की तिथल्या भारतीय मुलांच्या शाळेत जागा आहे. वर्ग लहान, शाळा दुपारी सुटते, राहायला फ्लॅट आणि नळाला रोज पाणी. लातूरला तेव्हा आठवडा उलटून गेल्यावर कधीतरी नळ यायचा आणि घरातली सगळी पिंपं भरेपर्यंत कुणी उंबरा ओलांडायचं नाही, असा माझा नियम होता. नवऱ्याने पगाराचं सांगायला सुरुवात केली. मी पाण्याचं ऐकूनच हो म्हटलं होतं.

बातमी नांदेडला पोचली तसा माझा थोरला भाऊ येऊन थडकला. चपला काढायच्या आधीच बोलायला लागला.

"येडी झालीस का काय? अख्खा मराठवाडा लेकरं घिऊन लातूरला यायलाय, आन् तू लेकरू घिऊन लातूरहून चाललीस?"

"दादा, आधी पाणी घे."

"घेतो. नळाला आलंय का?"

"नाही. पिंपातलं आहे."

"बरं. तेवढं एक तुझं खरं हाय," असं म्हणून तो खुर्चीवर बसला.

मुलीने हे सगळं ऐकलं. तिची दहावी नुकतीच झाली होती, मार्क उत्तम होते आणि तिला मेडिकलला जायचं होतं. रात्री जेवताना तिने सांगितलं, "मी येणार नाही."

"तिकडेही अकरावी-बारावी आहे," नवरा म्हणाला.

"आहे. पण परीक्षा इथली द्यायची आहे. तिच्या तयारीसाठी लोक घरदार सोडून इथे येतात. आई खिडकीत रोज त्यांना सांगते, इथे आलात ते बरं केलंत म्हणून. सांगतेस ना?"

सांगत होते. मी तिच्या ताटात भात वाढला.

"मग माझ्याकडं नांदेडला ठेवा," दादा म्हणाला. "आमच्याकडं काय क्लास न्हाईत का?"

"आहेत, मामा. पण माझा प्रवेश इथे झालाय."

मी पर्याय मांडले. मला तसंच विचार करता येतो. होस्टेल : त्या भागातली होस्टेलं मी आतून पाहिली होती, मजल्यावर मजले आणि एकच अरुंद जिना, नको. मी मागे राहणं : नवऱ्याने हे स्वतःहून सुचवलं, पण त्याला साधा काढा करता येत नव्हता आणि शाळेचा फ्लॅट कुटुंब सोबत असेल तरच मिळणार होता. शिवाय मला जायचं होतं. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या प्रवेशांची कामं केल्यावर मला एकदा कुठेतरी स्वतःचा प्रवेश हवा होता. मग एकच मार्ग उरला. आमचं घर एखाद्या रूमवरच्या आईला द्यायचं. भाडं घ्यायचं नाही. तिने तिच्या मुलीसोबत माझ्या मुलीचंही बघायचं. मुलगी तिच्याच घरात राहील, घरातली आई तेवढी बदलेल.

बऱ्याच जणी येऊन घर पाहून गेल्या. एकीला भिंतीत खिळे ठोकू द्याल का, एवढंच विचारायचं होतं. एकीचा नवरा सगळं बोलला आणि ती एक शब्द बोलली नाही. धर्माबादची बाई आली ती मिरच्यांची पिशवी काखेत मारूनच. तिचा नवरा तिथल्या मोंढ्यात मिरचीच्या आडतीवर कामाला होता आणि तिच्या मुलीने आमच्याच कॉलेजात प्रवेश घेतला होता. बाईच्या बोलण्यात तेलुगूचा हेल होता. ती सरळ मुलीच्या खोलीत गेली आणि वर बघायला लागली.

"ताई, हितं उन्हाळ्यात लेकरू भाजून निघंल की हो. आत का न्हाई झोपवत?"

"आत स्लॅब आहे."

"मग स्लॅबच बरा की!"

"भूकंप झाला होता ना."

"त्याला लई वर्षं झाले न्हवं?"

"झाली."

"अय्यो," ती म्हणाली आणि पुन्हा वर बघितलं. मग विचारलं, "पोरीला तिखट चालतं का?"

"बेताचं."

"माझ्या हातचं बेताचं म्हंजे तुमच्यासाठी लई व्हतं. आधीच सांगून ठेवते, मागून बोल नको."

मला ती आवडली. पण आवडणं वेगळं आणि घर व मुलगी ताब्यात देणं वेगळं. राजीनामा देऊन माझे नोकरीतले शेवटचे काही आठवडे राहिले होते. तेवढ्या काळात ती इथे येऊन राहील, मी बघेन, आणि पटलं तरच तिकिटं काढायची, असं मी नवऱ्याला सांगितलं.

पहिल्याच दिवशी तांब्यावरचा पेला गायब झाला. तिने तो घासून मांडणीत लावला होता. मी परत ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडणीत.

"ताई, ह्यो गिलास उष्टा असतो का धुतलेला? मला कळंना झालंय."

मी तिला पेल्याचं काम सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे तुमी समदे गिलासाकडं कान लावून झोपता?"

"हो."

"आन् मांजर आलं तर?"

"मांजर आलं तरी उठतो."

माझी मुलगी आणि तिची मुलगी एकमेकींकडे बघून तोंडावर हात ठेवून हसल्या. दोघींची गट्टी जमली होती, हे मी नोंदलं. पण पेला तिसऱ्या दिवशीही मांडणीतच होता. "हाताची सवय हाय, ताई," ती म्हणाली. गॅस, मेन, दार, अंगण हे मी तिला रोज सांगायची आणि ती रोज "हाव, हाव" करून भाकरी थापत बसायची. स्वयंपाक चोख होता. मुली वेळेवर जेवत होत्या, वेळेवर क्लासला जात होत्या. तरी मी आतून दुसरी बाई बघायला लागले. नवरा तिकिटांचं विचारायचा आणि मी आज नको म्हणायची. शाळेकडून त्याला दोनदा विचारणा होऊन गेली होती.

एका दुपारी मी कार्यालयातून पायी घरी येत होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असताना जमिनीखालून आवाज आला. लातूरच्या माणसाला तो ओळखू येतो. दूर कुठेतरी कुणी जड पेटी ओढावी तसा. मग पायाखाली किंचित थरथर. लोक रस्त्यावर आले. समोरच्या क्लासमधून दप्तरं छातीशी धरून मुलांचा लोंढा बाहेर पडला आणि त्यांचे सर मागून ओरडत होते, "अरे, परीक्षेलाही असेच पळा!" मी धावले नाही. धावून काही होत नाही, हे मला माहीत होतं. पण चालणं माझ्या हातात राहिलं नव्हतं.

फाटकाशी पोचले तर तिघी अंगणाच्या मधोमध उभ्या. माझ्या मुलीने एका हाताने त्या बाईचं मनगट धरलेलं, दुसऱ्या हाताने तिच्या मुलीचं. बाईचे दोन्ही हात पिठाचे. ती भांडत होती.

"सोड की! माझी भाकर तव्यावर हाय!"

"तवा खाली उतरवलाय, मावशी. गॅस बंद आहे. मेन बंद आहे."

"अगं, ट्रक गेला असंल एखादा!"

"ट्रक नव्हता. हलायचं नाही. मी सांगेपर्यंत नाही."

"पोरगी हाय का फौजदार?" बाई आपल्या मुलीला म्हणाली. ती मुलगी रडकुंडीला आलेली.

मी आत पाऊल टाकणार तेवढ्यात माझ्या मुलीने मला पाहिलं. ती धावत आली नाही. मनगटं न सोडता तिने मान हलवली.

"आई, तिथे नको थांबू. वर छज्जा आहे."

मी सरकले. आमच्याच घराच्या फाटकापासून मी चार हात लांब रस्त्यावर उभी राहिले, तिने ये म्हणेपर्यंत.

संध्याकाळी मी नवऱ्याला तिकिटं काढायला सांगितलं.

"बाई पास झाली?" त्याने विचारलं.

"नापास झाली," मी म्हटलं. "पण चालेल."

निघण्याचा दिवस मी रविवार धरला होता, कारण रविवारी कॉलेज नसतं. क्लासचं माझ्या लक्षात यायला हवं होतं. चाचणी परीक्षा रविवारीच असतात. हैदराबादला विमान पकडायचं म्हणजे लातूरहून सकाळीच गाडी निघायला हवी होती, आणि सकाळी मुलीचा फिजिक्सचा पेपर, त्याला लागून दुसऱ्या इमारतीत केमिस्ट्रीचा. दादा निरोप द्यायला नांदेडहून आला होता. भाची घरात नाही म्हटल्यावर त्याचा पारा चढला.

"आई-बाप देश सोडून जायलेत, आन् ही पेपर सोडवत बसलीय?"

"दादा, पेपर सोडायला मीच नाही म्हटलं."

"तू तर काय, तुझं समदंच उलटं हाय."

बॅगा गाडीत चढल्या. धर्माबादच्या बाईने तिखटाची एक पुडी माझ्या पर्समध्ये कोंबली. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "ताई, काय रडायचं ते हितंच रडून घ्या. गाडीत रडलं की डोकं धरतं."

"मला पटकन रडू येत नाही."

"दिसायलंय की. पोरीलाबी न्हाई येत. म्या रडते तुमच्या दोघींचं," असं म्हणून तिने खरोखरच पदर डोळ्याला लावला.

तेवढ्यात मुलगी आली. दोन पेपरांच्या मधल्या वेळात सायकल दामटत आली होती, घामाने केस कपाळाला चिकटलेले. सायकल भिंतीला टेकवून ती आधी बाबांच्या, मग माझ्या पाया पडली. कुठे काय ठेवलंय ते मी पुन्हा सांगायला लागले. ती हो हो करत होती. पेपर कसा गेला विचारलं तर बरा गेला म्हणाली. तिने माझ्या पदराचं टोक हातात घेतलं होतं, लहानपणी घ्यायची तसं, आणि दुसऱ्या हातावरच्या घड्याळाकडे तिचं लक्ष होतं.

"जा," मी म्हटलं. "उशीर होईल."

"तुमची गाडी निघू दे."

"आमच्या गाडीला कुणी वेळेवर हजेरी घेत नाही. तू जा."

तिने पदर सोडला, सायकलवर टांग मारली आणि कोपऱ्यावरून वळली. निघालो आम्ही होतो, पण आधी ती गेली. दादा तोंड फिरवून उभा होता. मी गाडीत बसले, दार लावून घेतलं.

उदगीरच्या रस्त्याला लागण्याआधी गाडी केमिस्ट्रीच्या क्लासवरून जाते. इमारतीपुढे सायकली लावलेल्या होत्या, रस्त्याच्या कडेपर्यंत, एकीत एक अडकलेल्या. पेपर सुरू झाला असावा. बाहेर कुणी नव्हतं. नवऱ्याने ड्रायव्हरला हळू घ्यायला सांगितलं.

"दिसली का तिची सायकल?" बसलेल्या घशातून त्याने विचारलं.

मी शेवटपर्यंत बघितलं. सगळ्या सारख्याच होत्या.

"नाही," मी म्हटलं. "चला."