उंची कमी पडली

इंदूरला ज्युनियर मुलींची हॉकीची निवडचाचणी होती. व्यावसायिक संघात एकच जागा होती आणि निवडणाऱ्या तिघांत मी होतो. त्या मुलींतली एक आमच्या कागदावर फक्त 'नंबर चार' होती. खेळायची बचाव फळीत, तरी सगळ्यांत जास्त गोल तिचेच. पेनल्टी कॉर्नरआधी ती तळवे मोज्यांना पुसायची आणि पुढच्या क्षणी चेंडू जाळ्यात असायचा.

दुपारी एका बड्या माणसाचा फोन आला आणि जागा दुसरीला गेली. मी मुकाट्यानं सही केली.

यादी लागल्यावर ती स्टिक काखेत धरून माझ्याकडे आली. "सर, माझ्यात कमी काय राहिली? बता दो ना, मी सुधारते."

सुधारता येण्यासारखं काही सांगितलं, तर ही पुन्हा विचारायला येईल, अशी मला भीती वाटली. मी म्हणालो, "उंची कमी पडली, बेटा."

ती म्हणाली, "चला, तुम्ही तरी खरं बोलले सर. बाकी सगळे अगली बार, अगली बार करतात. आता खेळ सोडून पढाईच करते."

ती माझ्या पाया पडली. मी पाय मागेसुद्धा घेतले नाहीत.