नरसिंहरावांचा रशियन

आमच्या राजाजीनगरच्या गल्लीत कुणाला क्रिकेटचं वेड, कुणाला प्लॉटचं. निवृत्त नरसिंहरावांना एका रशियन लेखकाचं. शंभर वर्षांपूर्वी वारलेला, गोष्टी नि नाटकं लिहिणारा डॉक्टर. "तो रडवायला बसत नाही," नरसिंहराव सांगायचे, "नाडी धरतो आणि गप्प बसतो."

त्याच्या गोष्टी ते इंग्रजीवरून मराठीत आणत, पण आमच्या मराठीत. पिढ्यान् पिढ्या बेंगळुरात काढलेल्या घरांची, कन्नड मुरलेली ती मराठी. "त्याची माणसं घरातल्यासारखी बोलतात, मग मी माझ्याच घरची भाषा वापरणार," हा त्यांचा हेका. रोज संध्याकाळी ते पत्नीला, वसुमतीबाईंना, वाचून दाखवत. पुढे बाईंचे कान पार गेले. तरी त्या समोर येऊन बसत, नवऱ्याचे ओठ बघत. आपलं ऐकणारं कुणी उरलं नाही, हे नरसिंहरावांना फार लागलं होतं. एकदा तरी कुणीतरी नीट ऐकावं, एवढीच त्यांची इच्छा.

महादेवपुऱ्याच्या आयटीवाल्या मराठी मंडळींनी या रशियनावर कार्यक्रम ठेवला आणि त्यांचा म्होरक्या शंतनु, मूळचा पुण्याचा, आमंत्रण देऊन गेला. म्हातारा हरखला. वसुमतीबाई ठेवणीतली साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या. शेजारी म्हणून मीही गेलो.

नरसिंहरावांनी निवडलेल्या प्रसंगात क्षयाने मरणारा मास्तर थोरल्या बहिणीकडे जरासं पाणी मागतो. ते हळू आवाजात वाचू लागले, "अक्का, स्वल्प पाणी दे गं. स्वल्पच. मग मी जातो, सरी?" सरी म्हणजे बरं का, आमच्या घराघरातला शब्द.

मागे कुणीतरी खिदळलं. ते थांबले, पुन्हा वाचू लागले. तेवढ्यात एक कार्टं ओरडलं, "अण्णा, मरताना स्वल्प अडजस्ट माडी!" बेंगळुरात जो तो उठता-बसता म्हणतो ते 'जरा सांभाळून घ्या'! सगळं सभागृह फिदीफिदी हसलं. पगार लाखांत आणि अक्कल गुडघ्यात! हे शब्द या पोरांनी फक्त रिक्षावाल्याच्या तोंडून ऐकलेले, मग त्या शब्दांत माणूस मरतो कसा? माझे हात शिवशिवत होते. म्हाताऱ्याने मात्र शेवटपर्यंत वाचलं. मास्तर मेला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"काका, काय टायमिंग आहे तुमचं!" शंतनु धावत आला. "आता इलेक्ट्रॉनिक सिटीत शो करू."

"अरे, तो माणूस मरतो त्यात."

"तेच तर! आम्हीपण मेलो, हसून हसून."

वसुमतीबाईंना अक्षरही ऐकू आलं नव्हतं. त्यांनी मागे वळून हसरे चेहरे तेवढे पाहिले होते. बाहेर येताना नवऱ्याचा हात धरून त्या म्हणाल्या, "किती खूश झाले हो सगळे! तुमच्या कष्टांचं चीज झालं." नरसिंहरावांनी नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी चौकशीला गेलो. वसुमतीबाई नेहमीसारख्या समोर येऊन बसल्या होत्या. नरसिंहरावांनी तेच पान काढलं, घसा खाकरला. ओठ हलले मात्र, आणि बाई पदर तोंडाला लावून, काल सगळे हसले तशा, खदखदून हसू लागल्या.