पेलेटनं किती टिकावं

"काका, ट्रक थांबवा. माल उतरवायचाय," सुजाता ओव्हाळ म्हणाली आणि माझं डोकंच फिरलं.

महाळुंग्याला तिचा छोटा प्लांट आहे. आजूबाजूच्या कंपन्यांच्या कॅन्टीनमधलं खरकटं आणायचं, कुजवून कंपोस्ट करायचं आणि मशीनमध्ये दाबून त्याच्या पेलेट, म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या कांड्या, बनवायच्या. मशीनमधली डाय माझी. डाय म्हणजे भोकं पाडलेली पोलादी चकती. रोलर कंपोस्ट त्या भोकांतून दाबतो आणि खाली कांड्या पडतात. पिंपरीतल्या शेडमध्ये मी आयुष्यभर डायच केल्या.

आधीची खेप तळेगावच्या बनकरांनी परत पाठवली होती. त्यांची गुलाबाची पॉलिहाउस आहेत. पोती उघडली तर निम्म्या कांड्यांची भुकटी. "ताई, कांडी मागितली होती, धूळ नाही. परत असं झालं तर मी दुसरीकडं बघतो," असं त्यांनी फोनवर सुनावलं. तिचं मोठं गिऱ्हाईक तेवढं एकच. ते तुटलं असतं तर प्लांटला कुलूप लागलं असतं.

मग मी जास्त जाडीची डाय केली. भोक लांब झालं की माल जास्त दाबला जातो. नवी कांडी बोटांनी मोडेना. पोतं ट्रकवरून खाली टाकून बघितलं, भुकटी नाही. "लोखंड झालंय राव!" ड्रायव्हर म्हणाला. मी खूश. आणि आता ही म्हणते, माल उतरवा!

तिनं माझ्यापुढे काचेचा ग्लास धरला. आदल्या दिवशी पाण्यात टाकलेली कांडी तळाशी जशीच्या तशी होती.

"बघ, किती मजबूत आहे," मी म्हणालो.

"काका, हे खत आहे, बोल्ट नाही. मातीत विरघळलंच नाही तर गुलाबाला काय मिळणार?"

"बनकर पोतं आपटून बघतील. ग्लास कोण बघतंय?"

"मी बघितला ना."

तिनं स्वतःच बनकरांना फोन लावला. "माल तयार आहे, पण मलाच पसंत नाही. थोडं थांबा." पलीकडचा आरडाओरडा मलाही ऐकू येत होता. एवढं एकच गिऱ्हाईक आणि तेही चिडलेलं, तरी ही बाई खरं बोलत होती. मला तिचं फार कौतुक वाटलं, आणि प्लांटची काळजीही.

सुजाता पिंपळे गुरवची. वडील कंपनीत कामगार, ही स्वतः गाड्यांच्या पार्टच्या कंपनीत क्वालिटीला होती. दोष दिसला कुठे यापेक्षा तो झाला कुठे, हे शोधायची सवय तिथली. तिनं माझी जुनी डाय परत चढवली. मी फुगून बसलो. तिनं तिकडे लक्षही दिलं नाही. मशीनच्या तोंडाशी मूठभर कांड्या घेतल्या, गार होऊ दिल्या. चांगल्या कडक. त्याच मालाच्या पोत्यातल्या मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी नरम, चुरगळणाऱ्या. म्हणजे गडबड मधेच कुठेतरी होती.

तिनं नुकत्याच भरलेल्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला.

"काका, तुम्हीही घाला."

आत चांगलंच गरम होतं. प्लास्टिकला आतून पाणी सुटलेलं. मशीनमधून कांडी गरम निघते आणि वाफ सोडते. गरम चपात्या डब्यात कोंबल्यावर होतं तसंच. पण आमच्या या चाकणच्या पट्ट्यात फ्लोअरवर माल दिसला की साहेब ओरडतात. सगळ्यांच्या अंगात तेच मुरलेलं. माल निघाला की भरा, शिवा, गाडीत चढवा.

तिनं ताडपत्र्या अंथरल्या, पंखे लावले आणि गार होईपर्यंत एकाही पोत्याला सुई लावू दिली नाही. डाय जुनीच. आता पोतं आपटलं तरी भुकटी होईना, आणि ग्लासात टाकलेल्या कांडीचा संध्याकाळपर्यंत गाळ झाला.

बनकरांनी माल घेतला, पण कुरकुरत. झाडांना दोन-तीनदा पाणी दिल्यावर त्यांचा फोन आला.

"ताई, वाफ्यात शोधल्या तुमच्या कांड्या. एकही सापडली नाही. पुढची गाडी कधी पाठवताय?"

आता कुणी जास्त जाडीची डाय मागायला आलं की मी आधी विचारतो, माल शेवटी फुटायला कुठे हवा? काहींना राग येतो. येऊ दे.